न विझणारा पिवळा दिवा

गाडीच्या काट्यांशेजारी इंजिनाचं एक छोटं चित्र असतं. ते पेटेपर्यंत ते तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी निघाले होते, जळगावहून धुळ्याला, एकटीच. पारोळा मागे टाकलं आणि ते चित्र पिवळं झालं. गाडीचा आवाज बदलला नाही, झटका बसला नाही, वेगही कमी झाला नाही. गाडी आपली मुकाट्याने चालत होती आणि तो दिवा मुकाट्याने माझ्याकडे बघत होता. मी काचेवर टकटक केलं, रेडिओ बंद करून पाहिला. डोकं तापलं की माणूस काहीही करतो.

ही गाडी मुळात आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आबा धुळ्यात एकटे राहतात. आईला जाऊन चार वर्षं झाली आणि मी त्यांची एकुलती एक. पाटबंधारे खात्यातली सगळी नोकरी त्यांनी स्कूटरवरून पाटचाऱ्या तपासण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर हौसेने ही लहानशी पेट्रोल गाडी घेतली आणि सात-आठ वर्षं जिवापाड जपली. मग डोळे अधू झाले. डॉक्टरांनी गाडी चालवू नका असं स्पष्ट सांगितल्यावर संक्रांतीला त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. अट एकच, गाडी दर रविवारी धुळ्याला आली पाहिजे, त्यांना ती बघायची असते.

तशी मी नेत होते. रविवारी दहाच्या सुमारास पोचले की आबा फाटकात उभे असायचे. मला 'कशी आहेस' विचारण्याआधी हात पुढे, किल्लीसाठी. मी आत जाऊन भरताची वांगी भाजायला ठेवायची आणि ते बाहेर तासभर गाडीभोवती फिरायचे. बॉनेट उघड, पाणी बघ, टायर दाब, काच पूस. संध्याकाळी मी निघाले, गाडी मागे घेतली, की फाटकाशी एक ओळखीचा वास यायचा. लहानपणी मी आबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेत जायची, तेव्हाचा तो वास. घर तेच, फाटक तेच, त्यामुळे वासही तिथलाच असणार असं मी धरून चालले होते. एरंडोलपर्यंत तो नाकात राहायचा आणि खरं सांगायचं तर मला तो आवडायचा.

आता दिव्याकडे येते. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा सज्जन आहे, पण बिघडलेली वस्तू त्याला घरात सहन होत नाही. मिक्सर एकदा थांबला की तो लगेच जुन्या बाजाराची चौकशी करतो. गाडीचा दिवा पेटलाय म्हटल्यावर त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"विकून टाकू."

"दिवाच पेटलाय, गाडी चालतेय."

"आज दिवा, उद्या इंजिन. तू एकटी जातेस, रस्त्यात बंद पडली तर? एसटी आहे की."

एसटी आहे, मला माहीत आहे. पण रविवारी स्टँडवर वाट बघायची, तिकडे उतरून रिक्षा करायची आणि संध्याकाळी तीच कसरत परत. दुसऱ्या दिवशी शाळा, घरी वह्यांचे गठ्ठे. मला माझी खात्री होती, दर रविवार कधी महिन्यातून एक रविवार होईल ते कळणारही नाही. बरीच वादावादी झाल्यावर आमचं ठरलं की दिवाळीपर्यंत दिवा गेला तर गाडी राहील, नाहीतर विकायची. आणि मी मूर्ख, पुढच्या रविवारी ही सगळी हकीगत आबांना सांगून बसले. त्यांनी फक्त विचारलं, "दिवाळीलोंग?" मी म्हटलं, हो, दिवाळीपर्यंत. त्यांनी मान हलवली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

पहिला मेकॅनिक आमच्या घराजवळचा. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीची एक वायर काढली, विडा चघळत रस्त्याकडे पाहिलं आणि वायर परत लावली. दिवा गेला. मी इतकी खूश झाले की त्याच्या बायकोची, मुलांची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात दिवा परत हजर.

दुसऱ्याने नळीतून कसला तरी फवारा मारला आणि सांगितलं, कचरा होता. जळगावात उन्हाळ्यात कचरा कुठे नसतो? दिवा आठवडाभर गेला आणि आला.

दरम्यान फुकट सल्ल्यांना ऊत आला. आमच्याकडे कुणी बॉनेट उघडलं की चार माणसं आपोआप जमतात. हात मागे बांधतात, वाकून बघतात आणि प्रत्येकाच्या मेव्हण्याकडे अगदी अशीच गाडी असते. शाळेतल्या एका सरांनी पेट्रोलपंप बदलायला सांगितलं. दुसऱ्यांनी विचारलं, नवी गाडी घेतल्यावर पूजा केली होती का. घरासमोरच्या दुकानदार काकांनी तर कमाल केली. आपल्या दुकानातून काळी चिकटपट्टी आणली, नखाएवढा तुकडा कापला आणि दिव्यावर चिकटवला. "ताई, आता पेटला तरी दिसणार नाही," म्हणाले, आणि आपण दुरुस्ती केल्याच्या समाधानाने निघून गेले. मी ती पट्टी नखाने खरवडून काढली. तिचा चिकटा अजून काचेवर आहे.

आणि नवऱ्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. मी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. रोज जेवताना त्याने विचारायचं, "काय बाई, ज्वलनाचा धडा झाला का?" मला ताट भिरकावून द्यावंसं वाटायचं.

शेवटी जूनमध्ये अजिंठा चौफुलीच्या पुढचा एक मेकॅनिक सापडला. माणूस कमी बोलणारा. रावेरकडचा, घरची केळीची बाग भावाच्या ताब्यात देऊन इकडे आलेला. त्याच्या गॅरेजात खुर्ची होती आणि तिच्यावर ग्रीस नव्हतं, एवढ्यावरच माझा अर्धा विश्वास बसला. त्याने स्टिअरिंगखाली एक यंत्र खोचलं, गाडी चालू केली आणि मला छोट्या पडद्यावरची रेघ दाखवली.

"हा ऑक्सिजन सेन्सर, ताई. सायलेन्सरच्या नळीत बसतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगतो आन् पेट्रोल कमी-जास्त करा म्हनून सांगतो. चांगला असला की ही रेघ सारखी वरखाली नाचते. तुमची पाहा, झोपलेली हाये."

रेघ खरोखर झोपली होती. मी विचारलं, "म्हणजे सेन्सर गेला?"

"आधी वायर पाहू, मंग त्याले दोष देऊ."

हे वाक्य ऐकून मला त्याला नमस्कार करावासा वाटला. दीड महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी काही तपासणार होतं. त्याने वायर बघितली, उंदराने कुरतडली नव्हती. नळीला कुठे फट नव्हती. सेन्सरला आतून गरम करणारी तार असते, तीही शाबूत होती. तेव्हा कुठे तो म्हणाला, नवा मागवू. नाशिकहून पार्सल यायला चार दिवस लागले. जुना काढायला त्याने साध्या पान्याला स्वतःच उभी खाच पाडून हत्यार बनवलं होतं, म्हणजे वायर न तोडता पाना बसतो. तरी सेन्सर हलेना. गंज सोडवायचं तेल मारलं, चहा झाला, परत तेल मारलं, दुसरा चहा झाला, आणि एकदाचा तो करकरत सुटला. टोकावर काळपट, चिकट थर होता. मेकॅनिकने तो बोटाने चोळला, वास घेतला, कपाळाला आठी घातली आणि बोट चिंधीला पुसलं. नवा बसवला. रेघ नाचायला लागली. मी खुर्चीवरून उठून ती बघत उभी राहिले.

त्या रविवारी धुळ्याला पोचल्यावर मी फाटकातच आबांना सांगितलं, "दिवा गेला." आबा हसले. "जाईच ना," म्हणाले. किल्ली घेतली. मी आत वांगी भाजायला गेले.

पोळ्याच्या आदल्या रविवारी, परतीच्या वाटेवर, दिवा पुन्हा पेटला.

मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. हॉर्न वाजला, शेजारून जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने वळून पाहिलं. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच जास्त संताप येत होता. सेन्सर नवा होता. पार्सल माझ्यासमोर फोडलेलं होतं. घरी गेले तर नवऱ्याने माझ्या चेहऱ्याकडे बघून कपाटातून गाडीची कागदपत्रं काढून टेबलावर ठेवली. एवढ्या समंजसपणाने कुणी माझा अपमान केला नव्हता.

मेकॅनिकही वैतागला. नवा सेन्सर काढला तर त्याच्या टोकावर तोच काळा, चिकट थर. प्लग काढले, तेही तेलकट.

"ताई, खराब सांगावं लागते. इंजिन ऑइल खात असंन. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतीन. इंजिन खोलावं लागीन."

इंजिन खोलायचं म्हणजे गाडी विकायची, हे मला सांगायला कुणी नको होतं. माझा चेहरा बघून तोच पुढे म्हणाला, "पन आधी खात्री करू." त्याने ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळीची खूण केली आणि मला म्हणाला, दोन आठवडे रोज चालवा, पण ऑइलला हात लावू नका. ते दोन रविवार नेमके शाळेच्या परीक्षांचे होते, मी धुळ्याला गेले नाही. आबांचा दर रविवारी फोन. "गाडी बरी शे ना?" माझी चौकशी शेवटी, वेळ उरला तर.

दोन आठवड्यांनी पट्टीवरचं ऑइल जिथल्या तिथे. इंजिनाचा दाब मोजला, तोही उत्तम. रिंगा ठणठणीत होत्या. मेकॅनिक उठला, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, वाकला आणि नाक लावलं. मग माझ्याकडे वळला.

"ताई, ही कार हाये की स्कूटर? पेट्रोलमधी ऑइल कोन टाकते?"

मी "कोणी नाही" म्हटलं. पुढे होऊन मीही टाकीशी वाकले. फाटकाशी यायचा तोच वास होता.

जुन्या स्कूटरला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. पंपावर आबा स्वतः मोजून टाकायचे, पंपवाल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. डिकीत एक पत्र्याचा डबा, त्याला झाकण, तेच माप. तेव्हा त्यांच्या लेखी ऑइल न घालता पेट्रोल भरणं म्हणजे मीठ न घालता भाजी करणं. पण या गाडीच्या इंजिनाला ते नको असतं. ते जळून सेन्सरवर बसतं, त्याचं नाक बंद होतं, आणि मग तो पिवळा दिवा. मेकॅनिक हे सगळं समजावत होता आणि मी फक्त रविवार मोजत होते.

टाकी रिकामी केली. ते ऑइल मिसळलेलं पेट्रोल मेकॅनिकने आपल्या जुन्या मोपेडसाठी ठेवून घेतलं, तिला ते अगदी मानवणार होतं. प्लग साफ केले आणि आणखी एक नवा सेन्सर बसवला. दोन्ही जुने सेन्सर मी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकले. साक्षीपुराव्यासह जाणार होते मी.

त्या रविवारी जळगाव ते धुळे मी सगळा रस्ता भांडत गेले, एकटीच. वाक्यं तयार केली, खोडली, पुन्हा केली. पाच महिने मी गॅरेजांच्या पायऱ्या झिजवल्या, नवऱ्याची बोलणी खाल्ली, लोकांचे मेव्हणे ऐकले, आणि हे गृहस्थ दर रविवारी शांतपणे झाकणाने ऑइल ओतत होते, माझ्या हातचं भरीत खात होते आणि वर विचारत होते, दिवा गेला का.

आबा फाटकात होते. हात पुढे. मी किल्ली मुठीत धरली.

"आबा, तुम्ही पेट्रोलमध्ये ऑइल टाकता?"

"टाकस ना. दर रविवारले." त्यांना प्रश्नच कळला नाही. "आपोआप चालस का गाडी?"

आमचं घरातलं बोलणं अहिराणीत होतं, पण मी चिडले की शाळेतली मराठी बाहेर पडते. "ही स्कूटर नाही आबा," मी म्हटलं, आणि मग वर्गात म्हणते तसं सगळं म्हटलं. त्यांनी मध्ये एकदाच सांगून पाहिलं, "स्कूटरमा तीस वरीस टाकं, कधी बंद पडनी नही." मी ओट्यावर कागद उघडला आणि दोन्ही सेन्सर ठेवले. त्यांनी एकेक उचलून डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग बोटाने चोळून नाकाशी धरला. तो वास त्यांना माझ्याहून जास्त ओळखीचा होता.

"म्हंजे मीच का?"

"तुम्हीच. ही गाडी स्वतः चालवत होतात तेव्हा टाकायचात?"

"मी चालाडू तवय कधी टाकं नही." ते ओट्यावर बसले. "तू एकली येस. पारोळाना पुढे बंद पडनी ते? म्हनीसन एक झाकन टाकू."

"आठवड्याला एका झाकणाने नाही बसत एवढा थर. दुसरा सेन्सर दोन महिन्यांत गेला."

"जवाईबापू इकानं म्हनेत," ते म्हणाले, "तवयपासून दोन टाकाले लागनू. मंग तीन. गाडी बरी व्हवाले जोयजे ना दिवाळीलोंग."

माझी सगळी तयार वाक्यं तिथेच संपली. गाडी विकली जाऊ नये म्हणून हा माणूस तिला दर रविवारी जास्त औषध पाजत होता, आणि प्रत्येक झाकणाने ती विकायच्या जवळ नेत होता. आणि दिवाळीची ती गोष्ट त्यांना सांगितली होती मीच. मला त्यांचा राग आला, नवऱ्याचा आला, सर्वांत जास्त माझा आला. मी म्हटलं, "विचारायचं तरी होतं एकदा." ते म्हणाले, "तुले इचारं असतं ते तू नही म्हनती." हे मात्र खरं होतं.

जेवताना ते भरीत तिखट झालंय एवढंच म्हणाले, ते दर वेळी म्हणतात. हात धुतल्यावर विचारलं, "आते इकी टाकशात का?"

"नाही. दिवा गेलाय. आता पुन्हा येणार नाही."

"मंग तू येशी ना, पुढला रविवारले?"

"येईन."

मी निघाले तेव्हा ते न्हाणीमागच्या खोलीतून तो डबा घेऊन आले. तोच स्कूटरच्या डिकीतला, रंग उडालेला, झाकण मात्र घासून घासून चकचकीत. माझ्या हातात दिला.

"हाऊ डबा घी जाय. आठे ऱ्हायना ते मना हात जाई."

इथे राहिला तर त्यांचा हात त्याच्याकडे जाणारच होता. मी तो डिकीत ठेवला. गाडी मागे घेतली तेव्हा ते फाटकात उभे होते आणि दोन्ही हात त्यांनी मागे बांधले होते. फाटकाशी त्या दिवशी कसलाच वास आला नाही.

डब्याचं झाकण सैल होतं. एरंडोलच्या अलीकडच्या गतिरोधकांवर तो आडवा झाला असणार, कारण तिथून पुढे गाडीभर वास सुटला. मी थांबून झाकण घट्ट करायला हवं होतं. मी थांबले नाही. काट्यांशेजारी सगळं काळं होतं, चिकटपट्टीचा चिकटा तेवढा दिसत होता.

सोमवारी नवऱ्याने डिकी उघडली आणि नाक धरलं. "आता हा वास कसला? पुन्हा काहीतरी गेलं वाटतं."

"काही गेलेलं नाही. दिवा बघ."

त्याने दिवा बघितला, दिवा नव्हता. मग त्याला तो डबा दिसला. पाच महिने मी त्याचं सगळं ऐकून घेतलं होतं, कागदपत्रं टेबलावर आली तेव्हासुद्धा तोंड मिटून बसले होते. तो फक्त एवढंच म्हणाला की हे भंगार फेकून देऊ, आणि मी त्याच्यावर अशी ओरडले की समोरचे दुकानदार काका चिकटपट्टी हातात घेऊनच बाहेर आले.